नवरीच्या बाजूचा अंधार

मालवणच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ, टेपरेकॉर्डर, लग्नाचे भोंगे, आणि नंतर नंतर फोटोवाल्यांचे फ्लॅश. ह्यातल्या कशावर लिहू म्हणून विचारलं तर ह्या अंकाच्या संपादकांनी फ्लॅशच निवडला. बरं झालं. रेडिओबद्दल माझ्याकडे फक्त बढाया आहेत. फ्लॅशबद्दल थोडी लाजही आहे.

ऐंशी सालानंतरचा तो काळ. जिल्हा नवा झालेला, त्याच्या मुख्य ठिकाणी, ओरोसला, कचेऱ्या उघडत होत्या, ज्याला त्याला ओळखपत्राचा फोटो हवा होता. मुंबईत नोकरीला असलेली पोरं सुटीत येताना कॅमेरे आणायची. गावागावात स्टुडिओ निघाले. स्टुडिओ म्हणजे काय, एक पडदा, त्यावर रंगवलेला धबधबा, एक स्टूल आणि स्वस्तातला देशी फ्लॅश. परदेशी फ्लॅश कोणाला परवडणार? देशी फ्लॅश चालायचा झकास, पण आमच्या खाऱ्या हवेत सहा महिन्यांत त्याला खोकला लागायचा. मग तो माझ्या टेबलावर.

फ्लॅशच्या पोटात एक कॅपॅसिटर असतो. चार पेन्सिल सेलचा इवलासा विजेचा दाब वाढवून वाढवून ह्या कॅपॅसिटरमध्ये साठवायचा. साठत असताना डासासारखा कुईं आवाज येतो, भरला की लाल दिवा लागतो. कॅमेऱ्याची कळ दाबली की साठलेलं सगळं एका झटक्यात काचेच्या नळीतून बाहेर. विहिरीवर हांडा भरायला वेळ लागतो, ओतायला लागत नाही, तसंच. सेल काढले तरी हांडा भरलेला असतो, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. मी दोनदा विसरलो. दुसऱ्या वेळी झटका बसून स्टुलावरून मागे पडलो तो थेट समोरच्या किराणावाल्याला दिसलो. पुढे वर्षभर तो मेला मला बघितलं की "मेस्त्री, आज बसान आसास मां?" म्हणून विचारायचा.

गिऱ्हाइकांची तऱ्हा तर विचारूच नका. एकाने पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून फ्लॅश तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला होता. ओल नव्हती, हे कबूल. पण आत पोरकिडे होते. एका होडीवाल्याच्या भावाने गंज धरू नये म्हणून सेलच्या पट्ट्यांना खोबरेल तेल चोपडलं. होडीच्या इंजिनाला जे चालतं ते इथे का चालू नये, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "अरे, तेलातून वीज जाणा नाय." तर म्हणाला, "मगे डोक्याक लावतंव ता?" मी पट्ट्या पुसायला घेतल्या.

दत्तू फोटोवाला मात्र माझा खरा मित्र. आचऱ्याच्या बाजूला त्याचा स्टुडिओ. बारीक चणीचा, सदा घाबरलेला, पण हाताला कला होती. त्याला एकच ध्यास. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश समोरून मारला की माणूस चपटा दिसतो, भाकरीसारखा. दुसरा फ्लॅश बाजूने मारला की नाक, गाल, डोळे सगळं उठून येतं. हे त्याने कुठल्याशा मासिकात वाचलेलं. म्हणून तो बाजूला स्टँड लावायचा, त्यावर दुसरा फ्लॅश, आणि तिथून कॅमेऱ्यापर्यंत दहा हात वायर. लग्नाच्या माटवात, म्हणजे मांडवात, दहा हात वायर! पहिल्याच लग्नात भटजी त्यात अडकले. स्टँड खिरीच्या टोपात.

"मेस्त्री, बिनवायरीचा कायतरी करा," दत्तू हात जोडून म्हणाला.

तसलं यंत्र मुंबईत मिळायचं, पण महाग. मी ते स्वतः बनवलं. तत्त्व सोपं आहे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश चमकला की त्याचा उजेड ओळखून दुसरा फ्लॅश त्याच क्षणी उडाला पाहिजे. उजेड ओळखणारा सुटा भाग मला मिळेना, तर मी जुन्या ट्रान्झिस्टरचं पत्र्याचं टोपण कानसीने घासून उडवलं. आतल्या चकतीवर उजेड पडला की तिच्यातून वीज वाहते. चार ट्रान्झिस्टर वाया गेले, पाचवा चालला. साबणाच्या डबीत बसवला, वर भोक पाडलं. आम्ही त्याला 'डोळा' म्हणू लागलो. दत्तूने कळ दाबली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाचा फ्लॅश आपोआप लखकन उडाला, तेव्हा आम्ही दोघं म्हातारे होईपर्यंत पुरेल एवढे हसलो. अभिमान होता मला त्या डबीचा. अजून आहे.

डोळ्याला एक खोड होती. दुपारच्या उन्हात तो आंधळा व्हायचा. सभोवार एवढा उजेड असताना फ्लॅशची चमक त्याला कळायचीच नाही. आणि आमच्याकडची लग्नं दुपारची. दत्तू तक्रार घेऊन आला. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून डोळ्यावर नळकांडं बसवलं, म्हणजे फक्त समोरचाच उजेड आत जाईल. दुरुस्ती तिथेच संपली होती. मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसलो तर मी कसला!

दत्तूने तेव्हा नुकताच मुंबईहून जुना पण भारी कॅमेरा आणला होता. त्याच्या डोक्यावर एक चकती, तिच्यावर आकडे. तीस, साठ, एकशे पंचवीस. आकडा जितका मोठा, तितका कॅमेऱ्यातला पडदा कमी वेळ उघडा. मी ती चकती बघितली आणि म्हटलं, "मेल्या, ऊन जास्त आसा तर साठार कित्या ठेवतंस? एकशे पंचवीसार टाक. ऊन कमी येतला, माझो फ्लॅश उठान दिसतलो."

साठचा आकडा लाल रंगाने लिहिलेला होता. तो लाल का, असं ना मी विचारलं, ना त्याने. मेस्त्रीने सांगितलं म्हणजे झालं.

त्यानंतर दीडेक महिन्याने माझ्या दुकानात आत्माराम आला. आचऱ्याकडचा, होडीवर जाणारा, माझ्या रेडिओचं जुनं गिऱ्हाईक. रेडिओवरचा हवामानाचा इशारा ऐकल्याशिवाय होडी न सोडणारा शहाणा माणूस. वैशाखात त्याच्या मुलीचं, सुरेखाचं, लग्न झालं होतं. देवगडला दिलेली, आंब्याच्या कलमांची बाग असलेलं घर. आत्मारामाच्या हातात रेडिओ नव्हता, एक पाकीट होतं.

"मेस्त्री, ह्या जरा बघा. फोटो बिघडता म्हणजे नेमक्या काय होता?"

सहा फोटो होते. सगळ्यांत नवरा-नवरी शेजारी शेजारी उभे. नवरा स्वच्छ, फेट्याची झालर मोजून घ्यावी इतका. आणि नवरी अंधारात. चेहरा ओळखू येत होता, पण विहिरीत वाकून बघावं तसा. सहाच्या सहा फोटोंत तेच. मागे उभ्या असलेल्या मावश्याही अर्ध्या उजेडात, अर्ध्या काळोखात.

"चेडवाक परत धाडल्यानी," आत्माराम म्हणाला. चेडवाक म्हणजे मुलीला, सुरेखाला. 

लग्नानंतर आठव्या दिवशी सुरेखाचे सासरे आंबे काढताना कलमावरून पडले. मांडीचं हाड मोडलं, तेही ऐन हंगामात. आणि त्याच आठवड्यात दत्तूने काढलेले लग्नाचे फोटो जाऊन पोचले. सासूने फोटो पाहिले. शेजारणींनी पाहिले. एक फोटो बिघडला असता तर कोणी काही बोललं नसतं. पण प्रत्येक फोटोत तीच काळी? तिच्या शेजारचा नवरा लख्ख आणि तीच काळी? देवानेच दाखवलं, असं कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणू लागले. सुरेखाला चार दिवस म्हणून माहेरी पाठवली, त्याला वीस दिवस झाले होते. येत्या सोमवारी सासू गावच्या देवळात कौल लावणार होती. आमच्याकडे देवाच्या अंगावर फुलाच्या कळ्या लावतात आणि गाऱ्हाणं घालून विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विचारायचं होतं, सून घरात ठेवावी की नाही.

मी फोटो पुन्हा बघितले. आता मला दिसली ती रेघ. उजेड आणि अंधाराच्या मधली उभी रेघ. सगळ्या फोटोंत जवळजवळ त्याच जागी. सावली कधी अशी पट्टीने आखल्यासारखी पडत नाही.

आत्मारामाला बाकावर बसवून मी दत्तूला निरोप धाडला, कॅमेरा घेऊन ये. तो आला तो आल्या आल्याच म्हणाला, "मेस्त्री, तुमचो डोळो झकास चललो. एकदाव चुकूक नाय!" मग त्याची नजर आत्मारामावर गेली आणि तो पांढराफटक पडला.

"कॅमेऱ्याचा फाटचा झाकण उघड," मी म्हटलं.

त्याने मागची बाजू उघडली, आत फिल्म नव्हती. फिल्म बसते त्या चौकटीवर मी बटरपेपरचा तुकडा लावला, कॅमेरा चुन्याच्या भिंतीकडे धरला, चकती एकशे पंचवीसवर ठेवली आणि कळ दाबली. फ्लॅश उडाला. बटरपेपर अर्धाच उजळला. पुन्हा केलं. पुन्हा अर्धाच. साठवर केलं. पूर्ण.

मी कॅमेरा टेबलावर ठेवला.

ते गणित आता सांगतो, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. दत्तूच्या जुन्या पेटी कॅमेऱ्याचा पडदा पाकळ्यांचा होता, तो कुठल्याही आकड्यावर पूर्ण उघडायचा. ह्या नव्या कॅमेऱ्यात कापडाचे दोन पडदे होते. पहिला सरकत जाऊन फिल्म उघडी करतो, दुसरा त्याच्या मागून येऊन झाकतो. साठपर्यंत पहिला पूर्ण सरकल्यावर मग दुसरा निघतो. त्याच्या वर गेलात की दुसरा आधीच निघतो. फ्लॅश चमकतो त्या क्षणी अर्धी फिल्म झाकलेली असते. त्या अर्ध्या भागाला फ्लॅश मिळतच नाही. लाल आकडा हेच सांगत होता, ह्याच्या वर जाऊ नका. आणि मी, पोस्टाने रेडिओचा कोर्स केलेला शहाणा, मी सांगितलं होतं, जा.

पण मग प्रश्न उरला. अंधार बाजूवर पडत होता, माणसावर नव्हे. तर मग प्रत्येक वेळी नवरीच का? आत्मारामानेच विचारलं ते. मी फोटोंकडे बघत बसलो. आणि मग लख्ख कळलं. लग्न लागल्यावर नवरी नवऱ्याच्या डाव्या हाताला उभी राहते. कोणीही फोटो काढो, कुठेही काढो, फोटोत ती उजवीकडेच येणार. आणि ह्या कॅमेऱ्याची झाकलेली बाजू तीच. 

"दत्तू, कन्यादानाचे फोटो खंय आसत? होमाचे?" त्या विधींना नवरी नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसते, डावीकडे येते ती नंतर.

"ते... ते खराब झाले."

"खराब म्हणजे कसे?"

दत्तूने कॅमेऱ्याचं झाकण लावून टाकलं. मग हळूच म्हणाला, "त्येत नवरो काळो इलो हा. नवरी काळी इली तर लोक चार शब्द बोलतीत. नवरो काळो इलो तर माका दर्यात बुडवतीत. म्हणान मी ते छापूकच नाय."

आत्माराम जागेवरून उठला. मला वाटलं, हा आता दत्तूला मारतो. त्याने फक्त विचारलं, "ते आसत मां रे अजून? फेकूक नाय मां?"

फेकले नव्हते. निगेटिव्हच्या पट्ट्या पत्र्याच्या डब्यात तळाशी होत्या. मी त्या उजेडाकडे धरल्या. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, न उजळलेला भाग कोऱ्या काचेसारखा. कन्यादानाच्या फोटोत नवऱ्याची बाजू कोरी होती. मग दत्तूने माझ्या सांगण्यावरून त्यातले चार छापले, त्या फोटोंत नवरी अशी प्रसन्न बसलेली होती आणि शेजारी नवरदेव काळोखात.

शनिवारी आम्ही दोघं एसटीने देवगडला गेलो. आत्मारामाला मुद्दाम नेलं नाही. बापाने हात जोडले असते, आणि हात जोडण्यासारखं त्याने काही केलेलं नव्हतं. 

सासूचं नाव जानकीकाकी. मी कजाग बाई डोळ्यांपुढे ठेवून गेलो होतो. निघाली ती थकलेली बाई. आतल्या खोलीत खाटेवर नवरा पाय बांधून पडलेला, अंगणात आंब्याच्या पेट्या, मुलगा विलास, म्हणजे सुरेखाचा नवरा, एकटाच त्यांत गवत भरत होता. तिने आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाली, "मालवणसून इलास, पाणी पिया. पण फोटोबद्दल काय बोलू नका. माका बोलवणा नाय."

"काकी, बोलणय नाय. दाखवतंय," मी म्हटलं.

माजघरात भर दिवसाही अंधारच होता. मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून बटरपेपर लावला आणि तिला बघायला सांगितलं. एकशे पंचवीस. अर्धा. तिने मान वर केली. साठ. पूर्ण. ती म्हणाली, "परत करा." मी परत केलं. मग तिने चकती स्वतःच्या हाताने फिरवली, आमची लबाडी तर नाही ना हे बघायला. पाच वेळा केलं असेल. विलास दारात येऊन उभा राहिला.

"म्हणजे त्या बाजूक मी उभी रवलंय असतंय तर?"

"तुमी काळी झालास असतास."

तिने देवघराकडे बघितलं. "आणि देवाचो फोटो काढलो असतो तर?"

"देवय अर्धो काळो इलो असतो, काकी."

दत्तूने माझा सदरा मागून ओढला. पण मी थांबलो नाही. सल्ला माझा होता, चूक माझी होती, त्या पोरीचा काही संबंध नाही, हे मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, कबूल करताना जड जाईल. तसं काही झालं नाही, उलट छातीवरचा दगड उतरला. मग मी कन्यादानाचे फोटो तिच्या पुढ्यात ठेवले. आपला एकुलता मुलगा काळोखात बसलेला बघताना त्या बाईचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकणार नाही. ती तशीच भिंतीला टेकून खाली बसली.

"वीस दिवस," ती म्हणाली. "वीस दिवस चेडू थय बसला."

सोमवारपर्यंत ती थांबलीच नाही. "देवाक कित्याक विचारू? माका दिसला ता दिसला," म्हणाली. आम्हाला रात्री तिथेच ठेवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने विलास, ती आणि आम्ही दोघं आचऱ्याला. दत्तू आत्मारामाच्या घरी यायला तयार नव्हता. मीच ओढून नेला.

आत्मारामाच्या पडवीत सुरेखा मासळीचं जाळं दुरुस्त करत बसली होती. सासूला बघून उठली, पदर सावरला, पाया पडली. सासू काहीतरी बोलायला गेली आणि रडायलाच लागली. आत्मारामाची बायको पण रडू लागली. सुरेखा रडली नाही. तिने माझ्या हातातले फोटो मागून घेतले. सहा ते, आणि चार हे. पडवीवर ओळीने मांडले आणि बघत राहिली. आम्ही सगळे उभे.

"ह्ये कधी काढलास?" तिने दत्तूला विचारलं. बोट नवऱ्याच्या काळ्या फोटोवर.

"त्याच दिवशी. सकाळी."

"मगे दाखवूक कित्याक नाय?"

दत्तू चाचरत म्हणाला, "नवरो काळो... लोक काय म्हणतीत म्हणान..."

"आणि माझो धाडलास."

तेवढंच. आवाज चढवला नाही तिने. दत्तूने मान खाली घातली. मीही घातली, कारण दुकानात दत्तूने तेच कारण सांगितलं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी फक्त निगेटिव्ह सापडले म्हणून खूश झालो होतो. विलासही खालीच बघत होता. वीस दिवसांत तो एकदाही बायकोला भेटायला आलेला नव्हता, हे मला नंतर कळलं.

जानकीकाकीने डोळे पुसले. "माझा चुकला गो बाये. चल घराक."

"येतंय," सुरेखा म्हणाली. "पण ह्ये दोनव फोटो भिंतीर लावतलंय. माझो आणि ह्येंचो. बाजूक बाजू."

विलास चपापून आईकडे बघू लागला. लग्नातला काळा फोटो ओटीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर! दत्तू पुढे होऊन म्हणाला, मी नवे काढून देतो, फुकट, साठावर. सुरेखाने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती सासूकडे बघत होती.

"लाव," जानकीकाकी म्हणाली. आणि सुनेची पिशवी तिने स्वतः उचलली, विलासने हात पुढे केला तरी दिली नाही.

तीनेक वर्षांनी त्यांच्याकडे रेडिओ दुरुस्त करायला जाण्याचा योग आला. ओटीवर दोन फ्रेमा शेजारी शेजारी होत्या, एकीत ती अंधारात, दुसरीत तो. रांगणारं मूल खाली खेळत होतं. मुंबईहून आलेली कोणी पाहुणी फोटोंखाली उभी राहून विचारत होती, हे असले फोटो कशाला लावलेत? सुरेखा आत चहा टाकत होती. जानकीकाकीने मला दारात बघितलं आणि पाहुणीला म्हणाली, "आमची अक्कल काळी झाली होती, म्हणान लावलंव. सून ते भिंतीरसून काढूक देणा नाय, आणि आता मीय देणा नाय."